अकानेसी आत्याची चटई

सीओपेने पांढरे कपडे नीट घडी घालून मिशनऱ्यांच्या ओट्यावर ठेवले आणि तो पायरीखालीच उभा राहिला. वर ये म्हटलं तरी येईना. वाइनिकोलो जेवणावरून उठून आला होता, उकडलेलं कोनफळ अजून त्याच्या बोटांना चिकटलेलं होतं.

“तोकडे होतात का रे?”

“नाही. बसतात.”

“मग परत का आणलेस?”

“आत्या नाही म्हणाली.”

वाइनिकोलोला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. चोवीस वर्षांचा दांडगा गडी, एकटा होडी घेऊन प्रवाळाच्या भिंतीपलीकडे जाणारा. परवा शनिवारी सकाळी समुद्रात त्याचा बाप्तिस्मा ठरलेला. पाण्यात उतरताना घालायचे पांढरे कपडे चर्चच्या कपाटातून काढून त्याला दिले होते. त्याचा बाप माका नुसता हो म्हणून थांबला नव्हता, त्याने कोणतं डुक्कर कापायचं तेही ठरवून टाकलं होतं.

“आत्याचा यात काय संबंध?”

हे तोंडातून गेलं आणि सीओपे त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याने आत जेवत असलेल्या गोऱ्या मोर्टेन्सनकडे हनुवटीने खूण केली.

“एल्डर, त्याने विचारलं असतं तर मी समजू शकलो असतो. तुम्ही विचारताय?”

वाइनिकोलोच्या आयुष्यातलं सगळं दुखणं या एका प्रश्नात होतं. त्याचा जन्म सॉल्ट लेक सिटीतला. बाप टोंगातून तिकडे गेलेला, लोकांच्या अंगणात काँक्रीट ओतून त्याने पाच पोरं वाढवली. वाइनिकोलो वीस वर्षांचा झाला आणि मॉर्मन चर्चने त्याला दोन वर्षांच्या सेवेसाठी नेमका बापाच्या देशात पाठवला. भरदार खांदे, रुंद नाक, दाट भुवया, सगळं टोंगाचं. बोलायला लागला की मात्र पंचाईत. त्याचा जोडीदार मोर्टेन्सन हा आयडाहोच्या बटाट्याच्या शेतातला पिवळ्या केसांचा मुलगा. तो पुस्तकातून भाषा शिकलेला, त्यामुळे त्याने नुसतं ‘आज वारा आहे’ म्हटलं तरी बायका हातातलं काम टाकून म्हणत, काय गोड बोलतो गोरा. वाइनिकोलो चुकला की त्याच बायका म्हणत, याच्या बापाने जीभ तिकडेच ठेवून घेतली वाटतं. दोघांचा वेष सारखा, पांढरा शर्ट, टाय, काळी लुंगी, टोंगाच्या रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई, छातीवर ‘एल्डर’ म्हणून नावाची पट्टी. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेत राहायचं हा नियम. त्यामुळे एकाचं कौतुक आणि दुसऱ्याची चंपी, दोन्ही रोज शेजारी शेजारी उभं राहून ऐकावं लागे.

“बाबा तर हो म्हणाले होते,” वाइनिकोलो म्हणाला.

“बाबा हो म्हणतील नाहीतर काय. पण त्यांच्यावर मोठी बहीण आहे ना. माझं लग्न असो, मयत असो, पहिली खुर्ची तिची. माझं काही ठरलं तर आधी तिच्या कानावर जायला हवं, आणि ज्याने काम काढलं त्याने जाऊन घालायला हवं.” सीओपेने मान खाजवली. “आम्हाला वाटलं तुम्ही जाऊन आलात. एक एल्डर आपल्यातलाच आहे, बाबा म्हणाले, सांगायची गरज नाही.”

“ती आणखी काय म्हणाली?”

“जाऊ द्या.”

“सांग.”

सीओपे वाळूकडे बघत म्हणाला, “म्हणाली, त्या पोराच्या बापाने त्याला काहीच शिकवलेलं दिसत नाही.”

मोर्टेन्सन एव्हाना दाराशी आला होता. त्याच्या हातात नियमांचं पुस्तक होतं, ते त्याच्या हातात नसे अशी वेळ क्वचितच. “सीओपे अठराच्या पुढचा आहे,” तो हळूच इंग्रजीत म्हणाला. “आपल्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.”

“पुस्तकाला लागत नाही,” वाइनिकोलो म्हणाला.

त्याला बाप्तिस्म्याची काळजी होतीच. सोमवारच्या बोटीने त्याला बदलीवर दुसऱ्या बेटावर जायचं होतं, शनिवार हुकला की त्याच्या हातून हे काम कायमचं गेलं. पण आत जे सलत होतं ते वेगळं होतं. मंगळवारच्या डाकेने त्याने बापाला पत्र टाकलं होतं. बाबा, शनिवारी मी तुमच्या देशात पहिला बाप्तिस्मा देतोय, असं मोठ्या अक्षरात. बाप ते पत्र हाती पडलं की रविवारी खिशात घालून चर्चमध्ये नेणार आणि भेटेल त्याला वाचून दाखवणार. आणि इकडे एका म्हातारीने त्याच बापाचं नाव धुळीला मिळवलं होतं, तेही मुलाच्या चुकीपायी.

“आता काय करता येईल?”

“बाबा काल जाऊन आले. बहिणीसमोर त्यांना मान वर करता येत नाही, बोलणार काय कपाळ. तुम्ही जायला हवं. माफी मागायच्या वेषात, कमरेला जुनी फाटकी चटई, गळ्यात पानांची माळ. तिच्या दारात खाली बसायचं आणि ती बोलेपर्यंत गप्प राहायचं.”

“आणि ती बोललीच नाही तर?”

“तर नाही,” सीओपे म्हणाला. “ती काही बाप्तिस्म्याला हरकत घेणारी बाई नाही हो. तशी ती वेस्लियन चर्चची आहे, तुमचं चर्च तिला आवडत नाही, ते ती दर रविवारी सांगतेच. पण तिला न विचारता भाच्याला नेलेलं तिला खपत नाही.”

फाटकी चटई शोधायला वाइनिकोलोला फार वेळ लागला नाही. सॉल्ट लेकहून निघायच्या आदल्या दिवशी अकानेसी आत्या, त्याच्या बापाची थोरली बहीण, वृद्धाश्रमातली तिची सफाईची पाळी संपवून कामाच्या कपड्यांतच घरी आली होती. सगळ्यांनी तिला मोठी खुर्ची दिली. तिने पिशवीतून केवड्याच्या पातीची एक चटई काढून त्याच्या कमरेला गुंडाळली, आणि गुंडाळताना काही नावं पुटपुटली. चटई तपकिरी पडलेली, कडा झिजून दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या, खोबरेल तेलाचा आणि जुन्या ट्रंकेचा वास येत होता. समोर मित्र उभे होते. वाइनिकोलोने हसून आभार मानले आणि ती चटई सूटकेसच्या तळाशी घातली. इथे आल्यावर बाजारातून एक नवी, पिवळीधमक, कडक कडांची विकत घेतली. सात महिने तो तीच बांधत होता.

आता त्याने तळातली काढून झटकली. मोर्टेन्सनने ती निरखून बघितली.

“याहून फाटकी गावात मिळणार नाही,” तो म्हणाला.

“तीच तर हवी आहे.”

शुक्रवारी सकाळी दोघे सीओपेच्या आत्याच्या, तोआकासेच्या अंगणात पोचले. मागच्या छपराखाली पाच बायका लाकडी ओंडक्यासमोर ओळीने बसून तुतीची साल ठोकत होत्या. सालीचं कापड करायचं म्हणजे हे ठोकणं दिवस दिवस चालतं. मधोमध तोआकासे होती. सत्तरीची, ताठ पाठीची, पांढरे केस डोक्यावर घट्ट बांधलेले. तिने वर बघितलं, दोघांना बघितलं आणि मोगरी पुन्हा सालीवर आपटली.

वाइनिकोलो दारासमोर मांडी घालून बसला. गळ्यात पानांची माळ, मान खाली. जोडीदाराला नजरेआड करायचं नाही म्हणून मोर्टेन्सन वीस पावलांवर नीरफणसाच्या झाडाखाली थांबला. दहा मिनिटांत त्याच्यासाठी शहाळं आलं. मग पपई आली. मग त्याला बसायला पाट आला. गुन्हा दोघांचा होता, पण पाहुणचार एकाचाच होत होता.

ऊन चढलं. वाइनिकोलोच्या मानेवरून घाम शर्टात उतरत होता, पायाला मुंग्या आल्या. बायका मध्येच त्याच्याकडे बघत, एकमेकींच्या कानाशी लागत आणि तोंडावर हात धरत.

“अगं, बघितलंस का काय बांधून आलाय?” एकजण म्हणाली.

“बघते आहे केव्हाची.”

“तोआकासे, तुझं दार आज मोठं झालं गं बाई.”

“ठोक तू,” तोआकासे म्हणाली.

त्या फाटक्या चटईला हसताहेत, असं वाइनिकोलोने धरलं. हसू देत, त्यासाठीच तर बांधली होती. पण मग मोगऱ्यांचा आवाज विरळ झाला. आधी एकीची थांबली, मग दुसरीची, आणि शेवटी मधलीही. अनवाणी पाय त्याच्या समोर येऊन उभे राहिले.

तोआकासे गुडघ्यावर हात टेकून कण्हत खाली बसली आणि त्याच्या कमरेची लोंबणारी कड तिने दोन बोटांत धरली. अंगठ्याने चोळली. मग उलटी करून उजेडात बघितली.

“ही कुणाची?”

“माझ्या आत्याची.”

“नाव?”

“अकानेसी.”

“तिला कुणी दिली?”

वाइनिकोलोने डोळे मिटले. दिवाणखाना, मित्र, ती मोठी खुर्ची, आणि कमरेभोवती फिरणारे खरखरीत हात. “तिच्या आत्याने. हालाएवालू. आणि तिला तिच्या आत्याने. ते नाव...” त्याने पुष्कळ ताण दिला. “ते मला आठवत नाही. आत्याने सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही.”

“एका बोटाच्या रुंदीत किती पाती आहेत, मोज.”

तो मोजायला लागला. पाती इतक्या बारीक होत्या की नखाने वेगळ्या करता येईनात. त्याने दोनदा मोजलं आणि सोडून दिलं.

“येणार नाही मोजता,” तोआकासे म्हणाली. “अशी विणणारी बाई आता या बेटावर एकही नाही. मी धरून. ही माझ्या आईच्या जन्माआधीची असेल. असली चटई राजाच्या भेटीला जाताना बांधतात, पोरा. झिजते तशी तिची किंमत वाढते. आणि तू ही बांधून माझ्या दारात गुन्हा कबूल करायला आलास.”

छपराखाली आता कुणी तोंडावर हात धरला नव्हता. चार बायका पोट धरून हसत होत्या, एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. पपई खाता खाता मोर्टेन्सन उठून उभा राहिला. काय झालं ते त्याला कळलं नव्हतं, पण आपल्या जोडीदाराचं काहीतरी बिनसलं एवढं त्याने ओळखलं.

वाइनिकोलोचं तोंड कानापर्यंत तापलं. एक चूक निस्तरायला आलो आणि तिच्या डोक्यावर दुसरी ठेवली. तो घाईघाईने काथ्याची दोरी सोडायला लागला.

तोआकासेने त्याच्या हातावर चापटी मारली.

“सोडू नकोस. बांधलीस ती बांधलीस. आणि अशी नाही बांधत.” तिने दोरी त्याच्या हातून घेतली, चटईचा लोंबता पदर बाहेर काढून समोर आणला आणि गाठ मारली. “झिजलेली कड आत नाही खुपसायची. ती दिसली पाहिजे. लोकांनी विचारलं पाहिजे, हा कुणाचा मुलगा म्हणून.”

तिने त्याच्या गळ्यातली पानांची माळ काढून बाजूला ठेवली.

“मी म्हणाले होते, तुझ्या बापाने तुला काही शिकवलं नाही. ते मी परत घेते. शिकवलेलं तुझ्या पेटीत होतं, तूच काढलं नाहीस.” मग तिने पाठ ताठ केली. “विचार आता.”

“काय?”

“जे विचारायला यायचं होतंस ते. का तेही मीच विचारू?”

वाइनिकोलोने घसा साफ केला. आपल्या तुटक्यामुटक्या भाषेत, शब्दांना ठेचकाळत, त्याने विचारलं, तुमचा भाचा सीओपे याला उद्या पाण्यात घेऊन जाऊ का. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

“तुमचं चर्च मला आवडत नाही,” तोआकासे म्हणाली.

“हो.”

“ते मी रविवारी सांगणार आहे. येत्या रविवारी पण.”

“हो.”

“आणि ते उसने कपडे मी परत पाठवले. माझा भाचा दुसऱ्याने वापरलेल्या विजारीत देवासमोर उभा राहणार नाही. माझ्या हातचे घालील. किती वाजता आहे तुमचं?”

“नऊला.”

“नऊला,” ती उठत म्हणाली, आणि छपराकडे वळून ओरडली, “काय गं, हसायला बोलावलंय का तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला सगळे किनाऱ्यावर जमले होते. भरती ओसरत होती, पाणी कमरेइतकं आणि स्वच्छ. माकाने आणलेली एकच खुर्ची सगळ्यांच्या पुढे, सावलीत ठेवली होती आणि तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. तोआकासे आली ती वेस्लियन देवळात जाताना घालायची ती टोपी घालून. तिच्या मागे चार बायका सालीच्या कापडाची एक लांबलचक गुंडाळी खांद्यावर घेऊन येत होत्या. ती खुर्चीत बसली. वाइनिकोलोने कमरेची चटई सोडली आणि क्षणभर, कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघितलं. तिने हात पुढे केला. त्याने ती तिच्या मांडीवर ठेवली.

सीओपेचे नवे कपडे इतके पांढरे होते की उन्हात बघवत नव्हते. खिशावर रात्रीतून कशिदा काढला होता. दोघे पाण्यात उतरले. वाइनिकोलोने हात उंच करून ठरलेले शब्द म्हटले, एकही न अडखळता, आणि त्या आडदांड कोळ्याला पाठीमागे पाण्यात संपूर्ण बुडवून वर काढलं. एवढ्या मोठ्या देहाला पेलताना त्याचा पाय वाळूत रुतला, पण हात सुटला नाही. काठावर माका रडत होता आणि त्याची त्याला लाज वाटत नव्हती.

सीओपे बाहेर आला तोवर बायकांनी गुंडाळी उलगडली होती. पाण्याच्या रेषेपासून सावलीपर्यंत तपकिरी नक्षीचं ते कापड वाळूवर पसरलं होतं. सीओपे थबकला. पाणी लागलं की ते कापड विरतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तो आत्याकडे बघायला लागला. आत्याने नुसती भुवई उडवली. मग तो ओल्या पायांनी त्याच्यावरून चालत गेला आणि तिच्यासमोर खाली बसला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोलण्यासारखं सगळं कापडाने बोलून झालं होतं.

माका कापड गुंडाळायला वाकला.

“थांब,” तोआकासे म्हणाली. “अजून एक यायचाय.”

वाइनिकोलो पाण्यातून बाहेर पडत होता. कापड दुसऱ्याच्या मानाचं आहे, त्याच्यावर पाय द्यायचा नसतो, एवढं आता त्याला शिकवायची गरज नव्हती. तो कडेकडेने वाळूतून निघाला.

“इकडून,” ती म्हणाली.

“माझे पाय ओले आहेत.”

“त्याचे काय कोरडे होते?”

“पण हे तुमच्या भाच्यासाठी आहे.”

तोआकासेने मांडीवरची चटई सारखी केली. झिजलेली कड तिने बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी सोडली होती.

“अकानेसीला इतक्या लांबून यायला जमलं नाही,” ती म्हणाली. “ती असती तर तिने अंथरलं असतं. आता ती नाही, मी आहे. चल, ऊन होतंय.”

वाइनिकोलोने कापडावर पाय ठेवला. मागून मोर्टेन्सन, जोडीदाराला एकटं सोडायचं नाही म्हणून, चटकन त्याच्या पाठोपाठ यायला निघाला.

“तू वाळूतून ये रे गोऱ्या,” तोआकासे म्हणाली. “आधी तुझ्या आत्याला पत्र लिही.”

किनारा हसला. वाइनिकोलो हसला नाही. तो हळूहळू चालत होता, सीओपेच्या ओल्या पावलांवर पावलं ठेवत, म्हणजे कापड तेवढंच कमी भिजेल. निम्म्या वाटेत त्याच्या लक्षात आलं की ती त्याच्या पायांकडेच बघते आहे. मग त्याने काटकसर सोडली, मान वर केली आणि कोरड्या कापडावरून सरळ चालत तिच्या खुर्चीपर्यंत गेला.